जुन्या माउंटन बाइकचा सस्पेन्शन फोर्क : जळगावात केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी

१४ डिसेंबर २०२४

भुसावळच्या एका घरातून वापरलेली माउंटन बाइक १३,५०० रुपयांना घेतली. टाळेबंदीच्या काळात अनेकांनी हौसेने सायकली घेतल्या आणि नंतर त्या गॅलरीत नाहीतर जिन्याखाली उभ्या राहिल्या. ही त्यांपैकीच एक. सांगाडा, २७.५ इंची चाके आणि गिअर चांगल्या स्थितीत आहेत. किंमत उतरली ती पुढच्या फोर्कमुळे, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या आणि धक्के झेलणाऱ्या दुपायी भागामुळे, आणि तो आपल्याकडे उपलब्ध असलेल्या साधनांनी दुरुस्त होऊ शकतो या अंदाजावरच व्यवहार केला. ज्यांच्याकडे अशीच सायकल पडून आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवत आहे.

फोर्क रॉकशॉक्स रीकॉन सिल्व्हर आहे. त्याचा प्रवास, म्हणजे सायकलवाले ज्याला ट्रॅव्हल म्हणतात तो, १०० मिमीचा आहे. वरच्या दोन नळ्या, स्टँचियन, पोलादी असून त्यांची जाडी व्हर्नियरवर ३२ मिमी भरली. खालचे पाय, म्हणजे लोअर, मॅग्नेशियमचे आहेत. डाव्या पायात हवेची स्प्रिंग आणि उजव्या पायात तेलाचा डँपर, म्हणजे हालचालीचा वेग आवरणारा भाग, अशी रचना आहे.

आज फक्त तपासणी केली. हँडलवर पूर्ण भार टाकला तरी फोर्क जेमतेम ३० मिमी दबतो, मध्येच अडकतो आणि सावकाश वर येतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवली की खट्‌ असा आवाज येतो. डाव्या स्टँचियनवर, रबरी सीलच्या ओठाला लागून, गंजाचे एक बारीक कडे आहे. सीलवर काळ्या मातीचा थर वाळून इतका घट्ट झाला होता की तो नखाने निघाला नाही.

१६ डिसेंबर २०२४

फोर्क उघडण्यापूर्वी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या, कारण त्या एकमेकींत मिसळल्या तर नसता खर्च होतो.

पहिली गोष्ट खट्‌ आवाजाची. ब्रेक दाबून सायकल हलवताना एक बोट हेडसेटच्या, म्हणजे हँडलखालच्या ज्या बेअरिंगच्या जोडात फोर्क वळतो त्याच्या, फटीवर ठेवले आणि नंतर तेच बोट स्टँचियन जिथे लोअरमध्ये शिरतो तिथे ठेवले. हालचाल हेडसेटपाशी स्पष्ट जाणवली, सीलपाशी जवळजवळ नाही. नंतर हँडल काटकोनात वळवून, बोट सीलपाशीच ठेवून पुन्हा हलवले आणि फोर्कच्या आतल्या बुशांचा, म्हणजे स्टँचियन ज्यांत सरकतो त्या कड्यांचा, खेळ पाहिला. तो अगदी किंचित निघाला. स्टेमचे (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्याचे) बाजूचे बोल्ट सैल करून वरच्या टोपणाचा बोल्ट हळूहळू आवळला, मग बाजूचे बोल्ट पुन्हा कसले, आणि आवाज थांबला. फोर्कच्या बुशा गेल्या असे समजून ही सायकल आणखी कोणी सोडून दिली असती. बुशा बदलायला खास हत्यार लागते आणि ते आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून सायकल विकत घेताना ही बोटाची परीक्षा जरूर करावी.

दुसरी गोष्ट हवेची. शॉक पंप मागवला (१,८५० रुपये), कारण चाकाच्या पंपाने इतक्या लहान जागेत इतका दाब नीट भरता येत नाही आणि मोजताही येत नाही. १०० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरले आणि दुसऱ्या सकाळी पंप लावला तर काटा शून्यापाशी. इथे एक खुलासा करतो. पंप काढताना जो फुस्‌ आवाज येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, आणि पंप पुन्हा लावला की नळी भरण्यात थोडी हवा जाऊन काटा काही पीएसआय कमी दाखवतो. एवढ्या फरकाला गळती समजू नये. रात्रभरात सगळी हवा जाणे मात्र गळतीच. व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावले, बुडबुडे आले नाहीत. म्हणजे हवा आतल्या पिस्टनवरून सुटते आहे.

२१ डिसेंबर २०२४

पूर्ण दिवस तळाच्या दोन बोल्टांनी घेतला. लोअर काढण्यासाठी दोन्ही पायांच्या तळाशी ५ मिमीचे ॲलन बोल्ट असतात. त्यांच्या डोक्यातल्या खळग्यात पाणी साचून गंज धरला होता आणि घरची जुनी एल आकाराची ॲलन की डाव्या बोल्टमध्ये सरकू लागली. तिथेच थांबलो. खळगा गोल झाला की बोल्ट ड्रिलने काढावा लागतो आणि मॅग्नेशियमचा पाय खराब होण्याची भीती असते.

खळगे सुईने आणि जुन्या टूथब्रशने कोरून साफ केले, गंज सोडवणारे तेल टाकून सायकल रात्रभर उलटी ठेवली, आणि बळीराम पेठेत चांगल्या पोलादाचा ५ मिमीचा बिट सॉकेट घेतला (१८० रुपये). बिट हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण आत बसवला आणि लांब दांड्याने एकाच दमात झटका दिला तेव्हा बोल्ट सुटला. ज्यांच्या सायकली पावसात भिजल्या आहेत त्यांनी बिटचे १८० रुपये आधीच खर्च करावेत.

२२ डिसेंबर २०२४

फोर्क उघडला. क्रम लिहून ठेवतो.

सर्वांत आधी डाव्या पायाची सगळी हवा सोडली. व्हॉल्व्हची पिन दाबून धरली, फोर्क दोन-तीनदा दाबला, पुन्हा पिन दाबली. हे टाळून पुढे गेल्यास आतले भाग जोराने बाहेर येऊन इजा होऊ शकते. मग पुढचे चाक काढले, ब्रेकचा कॅलिपर सोडवून सांगाड्याला बांधला आणि त्याच्या पॅडांमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला, म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तरी पिस्टन बाहेर येत नाहीत. डिस्कसकट चाक दुसऱ्या खोलीत ठेवले, कारण डिस्कला तेलाचा हात लागला की ब्रेक धरत नाही. उजव्या पायाच्या तळाची लाल रिबाउंड घुंडी, जी फोर्क वर येण्याचा वेग ठरवते, खेचून काढली.

दोन्ही बोल्ट पूर्ण न काढता तीन-चार आटे सैल केले आणि बोल्टच्या डोक्यावर नायलॉनच्या हातोडीने ठोकले. आतला शाफ्ट लोअरच्या तळात घट्ट बसलेला असतो, तो या ठोक्याने सुटतो. बोल्ट पूर्ण काढून नुसते लोअर ओढत बसल्यास काहीच हलत नाही. शाफ्ट सुटल्याचे बोल्टचे डोके आत गेल्यावरून कळते. मग बोल्ट काढले, खाली ट्रे ठेवला आणि लोअर ओढून घेतले.

डाव्या पायातून तेलाचा एक थेंबही आला नाही. तळाशी काळसर, खरखरीत लगदा होता, जो बोटांत चोळला की काळ्या मातीचे कण दातांखाली यावेत तसे टोचत होते. उजव्या पायातून पाणी मिसळलेले थोडे राखाडी तेल आले. सीलखाली जी स्पंजाची गोल कडी असते, जी तेल धरून ठेवते आणि स्टँचियनला सतत ओलावा देते, ती दोन्ही बाजूंना हात लावताच चुरली.

आधीच्या मालकाशी फोनवर बोललो. सायकल चिखलाने भरली की ते ती गाड्या धुण्याच्या केंद्रावर नेऊन मोटारसायकलीसारखी फवाऱ्याने धूत असत. कारण बहुधा हेच. सीलचा ओठ आतले तेल आणि बाहेरची धूळ अडवण्यासाठी असतो, जवळून मारलेला जोराचा फवारा त्याला अडवता येत नाही. पाणी आत गेले, सोबत केळीच्या मळ्यांतली बारीक काळी माती गेली, आणि मग सायकल उभीच राहिल्याने ते पाणी सीलपाशी बसून राहिले. गंजाचे कडे नेमके सीलच्या रेषेवर असण्याचा अर्थ हाच.

उजव्या पायाचा डँपर उघडायचा नाही असे ठरवले. लोअर काढल्यावर त्याचा शाफ्ट हाताने ओढून आणि दाबून पाहिला. पूर्ण लांबीत प्रतिकार सारखा आहे, मध्येच पोकळी किंवा गुळगुळ आवाज नाही, घुंडीने वेग बदलतो, लॉकआउट (फोर्कची हालचाल अडवणारी सोय) लागतो आणि शाफ्टच्या तोंडाशी तेल झिरपलेले नाही. चालू असलेला डँपर केवळ हौस म्हणून उघडण्यात मला फायदा दिसला नाही.

२८ डिसेंबर २०२४

हा आठवडा वाया गेला, पण त्यातून कळले ते उपयोगी आहे.

रॉकशॉक्सचे ३२ मिमीचे सील जळगावात मिळाले नाहीत. ओळखीच्या बेअरिंग आणि ऑइल सीलच्या दुकानात माप दाखवल्यावर आतला व्यास ३२ मिमी असलेले एक ऑइल सील जवळपास बसेल असे निघाले. दुकानातल्या काकांनी ते देतानाच सांगितले, “भाऊ, बसेल, पण याच्या आत गोल स्प्रिंग आहे. फिरत्या शाफ्टसाठी असतं हे. तुमच्या सायकलला जड जाईल.” नव्वद रुपयांचा प्रश्न होता म्हणून बसवून पाहिले.

काका म्हणाले तसेच झाले. सीलच्या ओठाभोवती असलेली तारेची बारीक स्प्रिंग त्याला स्टँचियनवर इतकी आवळते की फोर्क हाताने दाबताना आधी काहीच हलत नाही आणि मग एकदम धक्क्याने खाली जातो. मोटारसायकलच्या जड फोर्कमध्ये हे घर्षण लपून जाते. सायकलच्या फोर्कमध्ये हवेचा दाब आणि चालवणाऱ्याचे वजन दोन्ही कमी असल्याने लहान खड्ड्यांवर फोर्क जणू लॉक असल्यासारखा वागतो. स्प्रिंग काढून पाहिली तर ओठ सैल पडला. शेवटी मूळ सील आणि स्पंजाच्या कड्यांचा संच पुण्याहून मागवला, १,७५० रुपये अधिक टपालखर्च.

जुने सील काढताना मोटारसायकलच्या टायरचा चपटा लिव्हर वापरला आणि लोअरच्या कडेवर जाड चिंधीची घडी ठेवून तिच्यावर टेकू दिला. मॅग्नेशियम मऊ असते. तिथे ओरखडा पडला तर नवे सील बाहेरच्या बाजूने गळते. लोअरचा आतला भाग लांब दांडीला सुती कापड गुंडाळून पुसला, कापड स्वच्छ निघेपर्यंत. धुण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरले, जे गोलाणी मार्केटमधल्या मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे नेहमी असते; अर्धा लिटर १६० रुपयांना मिळाले. बुशांच्या आतला लेप कुठेही उडालेला नाही. एवढी माती आत असूनही बुशा वाचल्या, हे या सायकलचे सुदैव.

५ जानेवारी २०२५

हवेचा पाय. वरचे टोपण २४ मिमीच्या सॉकेटने उघडते, पण त्याची षटकोनी कड फारच उथळ आहे. बाजारातल्या सॉकेटला तोंडाशी आतून उतार दिलेला असतो, त्यामुळे तो या उथळ कडेला पुरेसा पकडत नाही. घसरला की ॲल्युमिनियमचे कोपरे गेलेच. सॉकेट घेऊन एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने तोंडाकडचा उतार संपेपर्यंत दोन-अडीच मिमी कापून सॉकेटचे तोंड सपाट करून दिले, घेतले ५० रुपये. घरी आल्यावर टोपण पहिल्याच प्रयत्नात, एकही खूण न उमटता उघडले. या संपूर्ण कामात पन्नास रुपयांचा याहून चांगला उपयोग झाला नाही.

स्टँचियनच्या खालच्या तोंडाशी सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी पोलादी कडी, असते. ती काढताना डोळ्यांवर चष्मा घातला आणि शाफ्ट थोडा आत ढकलून धरला. शाफ्टसोबत जे वायसर आणि प्लास्टिकच्या चकत्या आल्या त्या ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडून फोटो काढला. सर्क्लिपची एक कड धारदार आणि एक गोलसर असते. परत बसवताना धारदार कड बाहेरच्या, म्हणजे भार येणाऱ्या बाजूला ठेवायची.

गळती कुठून होती ते लगेच दिसले. पिस्टनवरच्या ओरिंगची (गोल रबरी कडीची) बाहेरची बाजू घासून चपटी झाली होती आणि एका जागी केसाएवढी चीर होती. इथे मात्र गावातला माल चालला. हायड्रॉलिक जॅक आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात नायट्राइल रबराच्या ओरिंगांचे मापानुसार डबे असतात. जुनी ओरिंग झिजून पातळ झालेली असल्यामुळे तिच्यावरून माप घेतले नाही. पिस्टनच्या खाचेची रुंदी आणि खोली, आणि नळीचा आतला व्यास मोजून त्याला साजेशी जाडी निवडली. चार ओरिंगांचे ४० रुपये. पिस्टन आणि सीलहेडवर (नळीचे खालचे तोंड बंद करणाऱ्या भागावर) सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. गॅरेजचे पिवळे ग्रीस इथे लावले नाही.

एकूण असे दिसते की जिथे रबराचा भाग सरळ खाचेत बसून हवा अडवतो तिथे योग्य मापाची आणि योग्य रबराची स्थानिक ओरिंग पुरते. जिथे ओठाची लवचीकता आणि आकार यांवर फोर्कची सगळी सहजता अवलंबून असते तिथे मूळ सीललाच पर्याय नाही.

११ जानेवारी २०२५

गंज. डाव्या स्टँचियनवरचे कडे तेल आणि मऊ कापडाने पुसल्यावर त्याखाली टाचणीच्या टोकाएवढे सात-आठ खड्डे उरले. स्टँचियन बदलायचा तर वरचा पूर्ण जोड बदलावा लागतो आणि ते या सायकलच्या किमतीला परवडणारे नाही.

खड्डे नुसते दिसायला वाईट असते तर सोडून दिले असते. पण त्यांच्या कडा वर आलेल्या होत्या. कापसाचा बोळा स्टँचियनवरून हळू फिरवला की त्याचे तंतू त्या जागी अडकून राहत. म्हणजे नव्या सीलचा ओठही प्रत्येक फेरीला तिथेच कापला जाणार. २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून फक्त त्या कडांवर, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत, फिरवला. आजूबाजूच्या चांगल्या मुलाम्याला पेपर लागू दिला नाही. कापूस अडकणे थांबल्यावर अल्कोहोलने पुसून प्रत्येक खड्ड्यात काडीच्या टोकाने रंगहीन नेलपॉलिशचा थेंब सोडला, रात्रभर वाळू दिला, पुन्हा एक थर दिला आणि सकाळी दाढीच्या ब्लेडची धार नळीला आडवी टेकवून वरचा उंचवटा खरवडून सपाट केला.

१८ जानेवारी २०२५

सील आले. जोडणी केली.

सील सरळ आणि एकसारखे आत जावे यासाठी दुकानात खास ठोकणी मिळते. जळगावात पीव्हीसी पाइपाला तोटा नाही. बाहेरून ४० मिमीच्या पाइपाचा वीतभर तुकडा प्लंबरकडून तसाच मिळाला. कापलेले तोंड काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केले. आधी स्पंजाच्या नव्या कड्या तेलात पूर्ण भिजवून आपल्या जागी बसवल्या, मग सील ठेवून पाइपाच्या वर लाकडी ठोकळा ठेवला आणि हातोडीने हलके ठोके दिले. सील पूर्ण बसले की ठोक्याचा आवाज बदलतो, बोदा आवाज जाऊन टणक येतो. सभोवार कड लोअरला सारखी टेकली आहे हे नख फिरवून पाहिले.

स्टँचियनवर लोअर चढवताना सर्वांत जास्त सावधगिरी हवी. सीलचा ओठ दुमडला तर सगळे काम पुन्हा करावे लागते. दोन्ही नळ्यांना तेलाचा हात दिला, लोअर किंचित डावी-उजवीकडे हलवत दोन्ही ओठ एकाच वेळी आत घेतले आणि बुशा पकडेपर्यंतच सरकवले. आतला शाफ्ट तळाला टेकण्याआधी थांबायचे, कारण तेल बोल्टच्या भोकातूनच घालायचे असते. फोर्क तिरपा करून, निर्मात्याच्या तक्त्यात या मॉडेलसाठी दिलेले तेल मेडिकल दुकानातल्या सिरिंजने मोजून दोन्ही पायांत घातले. हे माप काही मिलिलिटरचेच असते. हे तेल फक्त वंगणासाठी आहे. जास्त घातल्याने फोर्क मऊ होत नाही, उलट लोअरमधली रिकामी जागा भरून शेवटचा प्रवास कमी होतो.

मग लोअर पूर्ण वर दाबून, नव्या वायसरांसह तळाचे बोल्ट ७.३ न्यूटन-मीटरला कसले. टॉर्क पाना मोटारसायकल गॅरेजमधून तासाभरासाठी आणला. मॅग्नेशियममध्ये अंदाजाने आवळणे टाळावे.

१९ जानेवारी २०२५

रात्रभर ९० पीएसआय टिकले. माझे वजन पाठीवरच्या सामानासह ७४ किलो. सॅग, म्हणजे नुसते बसल्यावर फोर्क किती खाली जातो ते, स्टँचियनवरच्या ओरिंगने मोजले तर २२ मिमी आले. १०० मिमीच्या प्रवासाला २० ते २५ मिमी मला योग्य वाटते. मेहरूण तलावाभोवती फेरी मारली. फुटपाथवरून उतरताना फोर्क अडकत नाही, आवाज नाही, आणि वर येण्याचा वेग घुंडीने हवा तसा जुळतो.

९ फेब्रुवारी २०२५

आडगावहून मनुदेवीकडे जाणाऱ्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, फोर्क पहिल्यांदा खऱ्या अर्थाने वापरला. प्रवास ९० मिमीपर्यंत गेला. परत आल्यावर डाव्या स्टँचियनवर तेलाचे ठळक कडे दिसले. नव्या सीलवर पुसटशी ओल येणे ठीक आहे, ती वंगण पोचत असल्याची खूण आहे. इथे मात्र तेल ओघळून लोअरवर आले होते.

कापसाचा बोळा फिरवला तर तो पुन्हा अडकला. नेलपॉलिश तीन खड्ड्यांतून कडेने उचकटले होते. तेल, घर्षण आणि उन्हाची उष्णता यांपुढे हा थर टिकला नाही. ज्या सायकली शहरातच चालतात त्यांना कदाचित पुरेल, दगडी उतारावर पुरला नाही.

१६ फेब्रुवारी २०२५

लोअर पुन्हा उतरवले. आता सगळे मोकळे असल्याने हे काम तासाभरातच झाले. खड्डे सुईने कोरून उरलेले पॉलिश काढले, अल्कोहोलने पुसले आणि या वेळी दोन ट्यूबमधून मिसळायचे सावकाश वाळणारे अरल्डाइट भरले. पाच मिनिटांत वाळणारे घेतले नाही, कारण सावकाश वाळणारे जास्त पक्के बसते. पूर्ण एक दिवस सावलीत ठेवले, मग ब्लेडने सपाट केले आणि शेवटी २००० नंबरचा पेपर तेलात भिजवून अगदी हलका फिरवला. सीलचा ओठ भिंगाखाली पाहिला. कापलेला नव्हता, म्हणून तेच सील परत वापरले. तेल मात्र नवीन घातले.

४ मे २०२५

पारा ४४ अंशांवर आहे. फोर्क कडक वाटू लागला म्हणून सील पुन्हा बिघडले की काय अशी शंका आली, पण सॅग मोजला तर तो १८ मिमीवर आला होता. दोष सीलचा नाही, हवेचा आहे. बंद नळीतल्या हवेचा दाब तापमानासोबत वाढतो. जानेवारीत २० अंशांना भरलेले ९० पीएसआय ४४ अंशांना साधारण ९८ होतात, आणि सायकल उन्हात उभी असेल तर त्याहूनही जास्त. खानदेशात हिवाळ्याची सकाळ आणि उन्हाळ्याची दुपार यांत एवढे अंतर असते की वर्षभर एकच आकडा धरून चालणार नाही. सायकल सावलीत थंड झाल्यावर थोडी हवा सोडून सॅग परत २२ मिमीवर आणला. थंडी आली की पुन्हा भरावी लागेल. पीएसआयचा आकडा लिहून ठेवण्यापेक्षा सॅग मोजून ठेवणे जास्त भरवशाचे आहे.

८ जून २०२५

पावसाळ्यापूर्वी लोअर उतरवून पाहिले. निर्मात्याच्या सूचनेनुसार सुमारे ५० तास चालवल्यावर ही स्वच्छता करायची असते आणि तेवढे चालवणे झाले आहे. दोन्ही पायांतून तेल निघाले, किंचित गडद, पण खरखर नाही आणि पाणी नाही. स्पंजाच्या कड्या पिळून, अल्कोहोलने धुऊन, पुन्हा तेलात भिजवल्या. अरल्डाइट जागच्या जागी आहे, कापूस अडकत नाही. हवा टिकून आहे. चार ओरिंगांपैकी उरलेल्या दोन डब्यात ठेवल्या आहेत. बुशांचा किंचित खेळ डिसेंबरात होता तेवढाच आहे.

खर्च असा झाला: शॉक पंप १,८५०, सीलचा संच टपालासह १,८७०, तेल ३८०, अल्कोहोल १६०, बिट १८०, सर्क्लिप पक्कड २६०, सिलिकॉन ग्रीस १५०, २४ मिमीचा सॉकेट आणि लेथ मिळून १९०, ओरिंग ४०, अरल्डाइट ९०, वाया गेलेले ऑइल सील ९०, आणि किरकोळ १२०. एकूण ५,३८० रुपये. त्यातली हत्यारे पुढच्या वेळीही चालतील, त्यामुळे यापुढे दरवेळी खर्च तेलाचा आणि अल्कोहोलचाच. वेळ मुख्यतः सील येण्याची वाट पाहण्यात आणि अडकलेल्या बोल्टांत गेला. आधीच सील मागवून ठेवले असते तर सगळे काम दोन सुट्ट्यांत बसले असते.

सायकल आता बादलीतल्या पाण्याने आणि फडक्याने धुतो. प्रत्येक फेरीनंतर स्टँचियन कोरड्या कापडाने पुसतो आणि सीलच्या कडेवर बसलेली माती वाळण्याआधी काढतो. पावसाळ्यात केळीच्या मळ्यांतल्या रस्त्यांवर ही माती चाकाला धरून थेट सीलपर्यंत येते, म्हणून जुन्या ट्यूबचा तुकडा फोर्कच्या कमानीला आणि वरच्या जोडाला केबल-टायने बांधून चिखलरोधक पडदा केला आहे. फोर्क पूर्ण दबल्यावर तो चाकाला लागत नाही, हे हवा सोडून आणि फोर्क तळापर्यंत दाबून पाहिले. सप्टेंबरमध्ये लोअर पुन्हा उतरवीन आणि पडद्यामागे आत किती माती पोचली ते इथेच नोंदवीन.